माशांच्या शरीरातली विषाणूविरोधी पहिली फळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी, हॅचरीतले तंत्रज्ञ, शेततळ्यात मासे वाढवणारे आणि कोई पाळणारे हौशी यांच्याकडून माशांच्या उपजत प्रतिकाराबद्दल, म्हणजे अँटीबॉडी येण्याआधी पेशी विषाणूला जो विरोध करतात त्याबद्दल, सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरीचशी उदाहरणं कार्पकुळातल्या माशांची आहेत. झेब्राफिश, सायप्रिनस (कार्प आणि कोई) आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यावर या विषयाचं काम सर्वांत खोलवर झालं आहे, म्हणून. सुरुवात मूलभूत प्रश्नांपासून आहे; प्रयोगशाळेतल्या अडचणी प्रश्न १४ पासून पुढे.

१. विषाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांत माशाच्या शरीरात नेमकं काय होतं?

विषाणू बहुधा कल्ल्यांतून, कातडीतून किंवा आतड्यातून शिरतो. कोई हर्पिस विषाणूचं मुख्य दार कातडी, तर कार्पच्या स्प्रिंग व्हायरेमिया विषाणूचं कल्ले. ज्या पेशीत तो शिरतो त्याच पेशीतल्या सेन्सर प्रथिनांना त्याचा आरएनए किंवा डीएनए ओळखू येतो. तिथून निरोप मायटोकॉन्ड्रियावरच्या मॅव्हस या प्रथिनाकडे जातो. मॅव्हस टीबीके१ हे एन्झाइम जागं करतं, ते आयआरएफ३ आणि आयआरएफ७ यांना फॉस्फेट जोडतं, आणि ही दोन प्रथिनं केंद्रकात जाऊन इंटरफेरॉन या निरोप्या प्रथिनाचं जनुक चालू करतात.

बाहेर पडलेलं इंटरफेरॉन शेजारच्या पेशींच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. त्या पेशींत जॅक-स्टॅट मार्ग (रिसेप्टरचा निरोप केंद्रकापर्यंत नेणारी प्रथिनांची साखळी) सुरू होतो आणि शेकडो विषाणूविरोधी जनुकं चालू होतात. ज्या पेशीत विषाणू आधीच शिरला ती बहुधा वाचत नाही. फायदा शेजारणींचा होतो. २५ अंशांच्या आसपास वाढवलेल्या पेशींत इंटरफेरॉनचा संदेश-आरएनए काही तासांत वाढतो आणि एमएक्ससारखी विषाणूविरोधी जनुकं (प्रश्न ५) साधारण २४ तासांत जोरात दिसतात. थंड पाण्यात हेच घड्याळ मंद चालतं (प्रश्न १०).

२. माशांना अँटीबॉडी असतात ना? मग या पहिल्या फळीला एवढं महत्त्व का?

असतात, पण त्यांना वेळ लागतो. पाण्याच्या तापमानानुसार उपयोगी पातळीच्या अँटीबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात. ऱ्हॅब्डो गटातला विषाणू (स्प्रिंग व्हायरेमिया त्यातलाच) लहान माशाला आठवड्या-दोन आठवड्यांत मारू शकतो. म्हणजे निकाल बहुतेक वेळा अँटीबॉडी येण्याआधीच लागलेला असतो.

दुसरं कारण पिल्लांचं. झेब्राफिशच्या पिल्लांत पहिले तीन-चार आठवडे अर्जित प्रतिकारशक्ती (अँटीबॉडी वगैरे) कामाची नसते. जिरे (अगदी लहान पिल्लं) आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) या अवस्थांत मासा जवळजवळ पूर्णपणे उपजत प्रतिकारावर जगतो. विषाणूची मोठी मर याच वयात होते हा योगायोग नाही.

३. विषाणू आत आला हे पेशीला कळतं कसं? स्वतःचा आरएनए आणि विषाणूचा आरएनए यांत फरक काय?

पेशीद्रवात तीन सेन्सर आहेत: रिग-आय, एमडीए५ आणि एलजीपी२. रिग-आय आरएनएच्या सुरुवातीच्या टोकावर उघडे असलेले तीन फॉस्फेट ओळखतो. पेशी स्वतःच्या संदेश-आरएनएचं हे टोक टोपी घालून झाकते. विषाणूचं मात्र अनेकदा उघडं राहतं. एमडीए५ लांब दुपदरी आरएनए पकडतो. एलजीपी२ चं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, ते प्रश्न ८ मध्ये.

पेशीच्या पडद्यांवर टोल गटातले सेन्सर (टीएलआर) असतात. फुगू माशात टीएलआर३ पेशीच्या आत राहून छोटे दुपदरी आरएनए ओळखतो आणि टीएलआर२२ पेशीच्या पृष्ठभागावर राहून लांबलचक दुपदरी आरएनए पकडतो. टीएलआर२२ सस्तन प्राण्यांत नाही. सतत विषाणूंनी भरलेल्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला बाहेरच्या बाजूला असा पहारेकरी असणं सोयीचंच आहे.

एक सूचना: रिग-आय सगळ्या माशांत असतो असं गृहीत धरू नका. कार्प आणि सामन यांच्या कुळांत तो आहे. पर्चसारख्या काटेरी परांच्या अनेक माशांच्या जनुकसंचात तो सापडत नाही. तिथे एमडीए५ वर जास्त भार पडतो. नव्या प्रजातीसाठी प्रायमर (पीसीआरमध्ये जनुक शोधणारे छोटे डीएनए तुकडे) बनवण्याआधी जनुक आहे का हे पाहा.

४. माशांचं इंटरफेरॉन आणि माणसाचं इंटरफेरॉन एकच का?

काम एकच, ठेवण वेगळी. इंटरफेरॉनचा शोध १९५७ चा. १९६५ मध्ये माशाच्या पेशींत तसा पदार्थ तयार होतो हे दिसलं, १९७३ मध्ये विषाणूबाधित रेनबो ट्राउटच्या रक्तद्रवात तो मोजला गेला, पण जनुक हाती यायला २००३ उजाडलं. त्या वर्षी झेब्राफिश आणि अटलांटिक सामन या दोन्हींचे क्रम प्रसिद्ध झाले.

माणसाच्या पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉन जनुकांत इंट्रॉन (संदेश तयार होताना कापून टाकले जाणारे तुकडे) नसतात, माशांच्या जनुकांत चार असतात. ही तपशिलाची बाब वाटेल, पण प्रयोगशाळेत ती उपयोगी पडते (प्रश्न १४).

झेब्राफिशमध्ये चार जनुकं आहेत, इंटरफेरॉन-फाय १ ते ४. फाय १ आणि ४ पहिल्या गटातली, त्यांत सिस्टिन या अमिनो आम्लाचे जोडीचे दोन रेणू. फाय २ आणि ३ दुसऱ्या गटातली, त्यांत चार. पहिला गट सीआरएफबी१ आणि सीआरएफबी५ या रिसेप्टर-जोडीवर काम करतो, दुसरा सीआरएफबी२ आणि सीआरएफबी५ वर. पिल्लांत फाय १ आणि ३ महत्त्वाची. फाय २ प्रौढांत दिसतं. फाय १ चालू करण्यात आयआरएफ३ चा हात जास्त, फाय ३ मध्ये आयआरएफ७ चा. सामनमध्ये तर ही जनुकं डझनाच्या घरात आहेत. शिवाय ट्राउटमध्ये पेशीबाहेर न पडता आतच काम करणारी इंटरफेरॉनंही सापडली आहेत. म्हणून ‘माशाचं इंटरफेरॉन मोजलं’ हे वाक्य अपुरं आहे. कुठलं, ते लिहा.

५. इंटरफेरॉन विषाणूला मारतं का?

नाही. ते फक्त निरोप आहे. काम त्याने चालू केलेली प्रथिनं करतात. एमएक्स विषाणूचे भाग अडकवतं. सामनचं एमएक्स आयपीएन या स्वादुपिंडाच्या रोगाच्या विषाणूची वाढ रोखतं हे पेशींवर दाखवलं गेलं आहे. पीकेआर विषाणूचा दुपदरी आरएनए दिसताच पेशीतलं प्रथिन बनवणंच थांबवतं. कार्प आणि सामन कुळांत त्याचा पीकेझेड नावाचा भाऊबंदही आहे. आयएसजी१५ इतर प्रथिनांना जोडलं जाऊन त्यांचं वागणं बदलतं. व्हायपेरिन विषाणूच्या आरएनए-निर्मितीत खोडा घालतं, आणि हे जनुक माणसात वर्णिलं जाण्याआधी १९९९ मध्ये ट्राउटमध्ये सापडलं होतं. मत्स्यविज्ञान नेहमी सस्तन प्राण्यांच्या मागून चालतं असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्यावं.

६. प्रतिसाद जितका जोरदार तितका चांगला, मग शरीर त्याला आवर का घालतं?

पीकेआर विषाणूचंच नाही, पेशीचं स्वतःचं प्रथिन बनवणंही थांबवतं. इंटरफेरॉनने चालू केलेली काही जनुकं पेशीला आत्मनाशाकडे ढकलतात. दाह वाढला की कल्ल्यांचे नाजूक पडदे सुजतात, आणि माशाच्या बाबतीत कल्ले सुजणं म्हणजे श्वास कोंडणं. वाढीसाठी ठेवलेली ऊर्जा खर्च होते ते वेगळंच.

त्यामुळे हा मार्ग सुरू होतानाच त्याला थांबवणारी प्रथिनंही तयार होऊ लागतात. चांगला प्रतिसाद म्हणजे लवकर चढणारा आणि वेळेवर उतरणारा. उंची हा त्यातला फक्त एक भाग आहे, आणि मोजायला सोपा असल्याने त्याला नको तितकं महत्त्व मिळतं.

७. आवर घालणारी ही प्रथिनं कोणती आणि ती कुठल्या टप्प्यावर काम करतात?

जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आहे. निरोपाच्या वाटेने वरून खाली येऊ.

मॅव्हसच्या पातळीवर मायक्रोआरएनए (जनुकांचे संदेश दाबणारे छोटे आरएनए) काम करतात. मिउय क्रोकर या समुद्री माशात ऱ्हॅब्डो विषाणू शिरल्यावर मायक्रोआरएनए-३५७० वाढतो आणि मॅव्हसच्या संदेशाला चिकटून त्याचं प्रमाण खाली आणतो. विषाणूमुळेच वाढणारा आणि विषाणूविरोधी मार्गालाच दाबणारा, असा हा उलटा फेरा.

टीबीके१ च्या पातळीवर दोन गोष्टी माहीत आहेत. झेब्राफिशमध्ये टीबीके१ च्या जनुकातून कापाकापी वेगळी होऊन अपुरी रूपं तयार होतात, आणि ती मूळ प्रथिनाच्या कामात अडथळा आणतात. दुसरी गोष्ट फक्त माशांत असलेल्या फिनट्रिम कुळाची. क्रूशियन कार्पमधलं एफटीआरसीए१ हे त्या कुळातलं प्रथिन टीबीके१ ला ऑटोफॅजीच्या (पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याच्या) वाटेने लायसोसोम या पचनाच्या पिशवीत पाठवून नष्ट करवतं. फिनट्रिम जनुकं माशांत भरमसाट वाढली आहेत आणि सगळी आवर घालणारी नाहीत. काही उलट प्रतिसाद वाढवतात. नाव पाहून भूमिका ठरवू नका.

जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागावर, आयआरएफ१० बसतं. ते पक्ष्यांत आणि माशांत आहे, माणसात आणि उंदरात नाही. झेब्राफिशमध्ये ते इंटरफेरॉनच्या प्रमोटरवरची जागा अडवून त्याचं काम कमी करतं. आयआरएफ३ आणि आयआरएफ१० ही नावं शेजारी शेजारी, कामं विरुद्ध.

रिसेप्टरच्या खाली सॉक्स१ आणि सॉक्स३ ही प्रथिनं. इंटरफेरॉनमुळे ती तयार होतात आणि जॅक एन्झाइमला रोखतात. हा सर्वांत सरळ फेरा, आणि सस्तन प्राण्यांतही जवळपास असाच.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सस्तन प्राण्यांत आयआरएफ३ पेशीत कायम तयार असतं आणि आयआरएफ७ इंटरफेरॉनमुळे वाढतं. माशांत आयआरएफ३ सुद्धा इंटरफेरॉनमुळे वाढतं. त्यामुळे माशांत चढता फेरा अधिक तीव्र होऊ शकतो आणि आवरही तितकाच गरजेचा ठरतो. सस्तन प्राण्यांची आकृती तशीच उचलून माशाला लावली की पहिली चूक इथेच होते.

८. एलजीपी२ मदत करतं की अडथळा आणतं? वाचावं तिथे वेगळं उत्तर मिळतं.

दोन्ही, आणि भांडण बरंचसं वेळेचं आहे. एलजीपी२ कडे आरएनए पकडणारा भाग आहे, पण मॅव्हसला निरोप देणारा भाग नाही. म्हणजे ते स्वतः काही चालू करू शकत नाही. एमडीए५ ला आरएनए पकडायला मदत करू शकतं किंवा रिग-आयच्या तोंडचा आरएनए पळवू शकतं. झेब्राफिशवरच्या कामात संसर्गाच्या सुरुवातीला ते इंटरफेरॉन वाढवताना आणि नंतरच्या टप्प्यात कमी करताना दिसलं, आणि माशाच्या जगण्यासाठी ते आवश्यक ठरलं.

म्हणून एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावरून किंवा एकाच मात्रेवरून ‘एलजीपी२ हा सकारात्मक नियंत्रक आहे’ असं लिहिलेलं दिसलं की आधी प्रयोगाची वेळ पाहा. पेशीत हे प्रथिन भरमसाट प्रमाणात बनवलं तर नंतरच्या टप्प्याचं चित्र पहिल्याच तासाला उभं राहतं.

९. विषाणू या सगळ्याला चकवतो कसा?

स्प्रिंग व्हायरेमिया विषाणूकडे जेमतेम पाच प्रथिनांची जनुकं आहेत, तरी दोन ठिकाणी तो वार करतो. त्याचं एन प्रथिन मॅव्हसवर नाशाची खूण लावून त्याला प्रोटिअसोमकडे (प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडे) पाठवतं. त्याचं पी प्रथिन स्वतःच टीबीके१ पुढे उभं राहतं. टीबीके१ आयआरएफ३ ऐवजी त्यालाच फॉस्फेट जोडत बसतं. ट्राउटसारख्या माशांना होणाऱ्या व्हीएचएस आणि आयएचएन या ऱ्हॅब्डो विषाणूंमध्ये एनव्ही नावाचं एक जादा प्रथिन असतं, तेही इंटरफेरॉनचा मार्ग दाबतं.

कोई हर्पिस विषाणू मोठा, डीएनएचा. कार्पच्या पेशींवरच्या तुलनेत स्प्रिंग व्हायरेमियाने इंटरफेरॉन चढवलं, कोई हर्पिसने चढू दिलं नाही. जिवंत माशाच्या कातडीत मात्र कोई हर्पिसच्या संसर्गातही इंटरफेरॉन वाढलेलं दिसतं. हा विरोधाभास नाही: प्रयोगशाळेच्या बशीत एका प्रकारच्या पेशी असतात, माशात अनेक, आणि त्यांतल्या कित्येकांत विषाणू शिरलेलाच नसतो.

१०. पाण्याच्या तापमानाचा या प्रतिसादाशी काय संबंध?

मासा शीतरक्ताचा, त्यामुळे त्याची एन्झाइमं पाण्याच्या तापमानाने चालतात. थंडीत विषाणूची वाढही मंदावते, पण दोघं सारखे मंदावत नाहीत. स्प्रिंग व्हायरेमियाची मर युरोपात वसंतात, पाणी साधारण १० ते १७ अंशांवर असताना होते. तिथे विषाणू वाढू शकतो आणि माशाचा प्रतिसाद अजून रखडत असतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की मोठे मासे क्वचितच मरतात, कारण इंटरफेरॉन आणि मागोमाग अँटीबॉडी वेळेवर पोचतात.

यावरून ‘ऊन पाणी म्हणजे सुरक्षित’ असा नियम काढू नका. प्रत्येक विषाणूची स्वतःची पट्टी असते. व्हीएचएस १५ अंशांच्या खाली, कोई हर्पिस साधारण १८ ते २८, तर तिलापिया लेक विषाणूची मर उबदार पाण्यातच होते. भारतात तिलापिया लेक विषाणूची नोंद २०१८ मध्ये झाली. महाराष्ट्रातल्या तळ्यांतल्या पाण्याला ‘ऊब’ कमी पडत नाही, त्यामुळे थंड पाण्याच्या रोगांवरचे युरोपातले सल्ले इथे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही.

११. माशांना ताप येतो का?

शरीर आतून तापवता येत नाही, पण मासा उबदार पाणी शोधत जातो. याला वर्तनातून आणलेला ताप म्हणता येईल. झेब्राफिशला दुपदरी आरएनए टोचल्यावर ते उबदार कप्प्याकडे सरकतात. ज्यांना एकाच तापमानात कोंडून ठेवलं, त्यांचा विषाणूविरोधी प्रतिसाद तुलनेत कमी पडतो.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात कोई हर्पिस झालेल्या कार्पना २४, २८ आणि ३२ अंशांचे जोडलेले कप्पे दिले गेले. मासे ३२ च्या कप्प्यात गेले आणि वाचले. विषाणूनेही इथे डाव टाकला आहे: त्याचं ओआरएफ१२ हे जनुक टीएनएफ-अल्फा (दाहाचा निरोप देणारं प्रथिन) शोषून घेणारं प्रथिन बनवतं आणि त्यामुळे मासा उबेकडे जायला उशीर करतो. ते जनुक काढलेल्या विषाणूने हा उशीर होत नाही. एकसारख्या तापमानाच्या टाकीत केलेले प्रयोग वाचताना, माशाला ही सोय नव्हती हे ध्यानात घ्या.

१२. मग कोईच्या टाकीत हीटर लावून रोग बरा करता येईल का?

कोई हर्पिससाठी पाणी ३० अंशांवर नेल्याने मर थांबू शकते. इस्राएलमध्ये तर निरोगी माशांना २२–२३ अंशांवर तीन ते पाच दिवस बाधित माशांसोबत ठेवून मग महिनाभर ३० अंशांवर हलवण्याची पद्धत होती. असे मासे नंतर प्रतिकारक्षम निघाले.

अडचणी तीन. वाचलेला मासा विषाणू शरीरात बाळगून राहतो आणि नव्या माशांना देऊ शकतो, म्हणून तो विकू नये, दुसऱ्या टाकीत हलवू नये. दुसरं, २० अंशांवर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर सुमारे ७.५. कल्ले आधीच खराब असताना ही घट जीवघेणी ठरते, तेव्हा हीटरसोबत हवेचा पंप वाढवा, खाणं कमी करा आणि तापमान दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने चढवू नका. तिसरं, रोग कोई हर्पिसच आहे हे पीसीआरने ठरल्याशिवाय हे करू नका. उबेत जिवाणूही झपाट्याने वाढतात.

१३. खाद्यातून प्रतिकारशक्ती वाढवणारी पूरकं दिली तर विषाणूला आळा बसेल का? अँटिबायोटिक?

अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम शून्य. विषाणूच्या जोडीला जिवाणू असल्याचं तपासणीत दिसलं तर तज्ज्ञ ते देतील, पण ‘असू द्यावं’ म्हणून घालू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यशेतीत बंदच आहेत.

बीटा-ग्लुकानसारखी पूरकं मुख्यतः भक्षक पेशींना सतर्क करतात. प्रश्न ३ मधले आरएनए ओळखणारे सेन्सर त्यांनी थेट चालू होत नाहीत. विषाणूच्या साथीत त्यांच्यावर विसंबणं चुकीचं, आणि महिनोन् महिने अखंड देणंही. ठरावीक काळ देऊन मधे खंड ठेवतात. इंटरफेरॉनचा मार्ग खरोखर चालू करतो तो पॉली आय-सी हा कृत्रिम दुपदरी आरएनए, पण तो टोचावा लागतो, महाग आहे आणि परिणाम काही दिवसांत ओसरतो.

तळ्यावर पैसे खर्च करायचेच असतील तर ताण कमी करण्यावर करा. जाळं ओढणं, दाटी, अमोनिया यांनी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि प्रतिकार दबतो. बोटुकली वाहतुकीनंतर लगेच दाट साठवण केली तर पहिल्या फळीचं दार आपणच उघडं टाकतो.

१४. विषाणूविरोधी जनुकं क्यूपीसीआरने (संदेश-आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने) मोजायची आहेत. नमुने कधी, कुठले आणि कसे घ्यावेत?

माशाला अस्थिमज्जा किंवा लसिका गाठी नसतात. रक्तपेशी आणि प्रतिकारपेशी बनतात त्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात, म्हणून अग्रमूत्रपिंड आणि प्लीहा हे मुख्य नमुने, जोडीला कल्ले.

वेळा: २५ अंशांच्या पाण्यात ०, ६, १२, २४, ४८, ७२ तास आणि सातवा दिवस. थंड पाण्यात हे अंतर ताणा. प्रत्येक वेळेला नुसतं खारं द्रावण टोचलेले मासे हवेतच, कारण सुई आणि हाताळणी यांनीही जनुकं हलतात. शून्य तासाचा एकच गट सगळ्यांशी ताडून पाहणं ही नेहमीची चूक. प्रत्येक गटात निदान सहा मासे घ्या आणि वेगवेगळे मोजा. एकत्र वाटून एक नमुना करू नका.

भूल एमएस-२२२ ने, १०० ते १५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, सोडियम बायकार्बोनेटने पीएच ७ च्या आसपास आणून. तसं केलं नाही तर द्रावण आम्लधर्मी राहतं आणि मासा तडफडतो. ऊतीचे तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत; आरएनए टिकवणाऱ्या द्रावणाचं आकारमान तुकड्याच्या पाच ते दहा पट, रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८० ला. जाड तुकडा टाकला की बाहेरचा आरएनए टिकतो आणि आतला कुजतो.

संदर्भ जनुक (ज्याच्या तुलनेत बाकीची मोजायची ते स्थिर जनुक) एकच घेऊ नका. बीटा-अ‍ॅक्टिन संसर्गात हलतं. ईएफ-१-अल्फासह दोन किंवा तीन जनुकं तपासून घ्या. इंटरफेरॉनच्या जनुकात इंट्रॉन असल्यामुळे (प्रश्न ४) प्रायमर दोन एक्झॉनच्या (संदेशात टिकणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर ठेवता येतात आणि डीएनएची भेसळ टाळता येते. कार्प आणि सामन यांच्यात जनुकसंच पुन्हा एकदा दुप्पट झालेला असल्याने एकाच प्रायमरने जुळी जनुकं वाढतात; वितळण्याच्या आलेखात एकच टोक दिसलं तरी पदार्थाचा क्रम एकदा वाचून घ्या.

१५. इंटरफेरॉन भरपूर वाढलेलं दिसलं, तरीही मासे मेले. मोजण्यात चूक झाली का?

बहुधा नाही. मरणाऱ्या माशात विषाणू जास्त असतो, म्हणून सेन्सरना आरएनए जास्त मिळतो, म्हणून इंटरफेरॉन जास्त दिसतं. तो विषाणूच्या भाराचा आरसा आहे, संरक्षणाचा पुरावा नाही. त्याच नमुन्यात विषाणूचं जनुक मोजा आणि इंटरफेरॉन त्याच्या शेजारी ठेवा. वाचलेल्यांत अनेकदा शिखर लहान पण लवकर असतं. तुमच्या वेळापत्रकात पहिला नमुना ४८ तासांचा असेल तर ते शिखर निसटून गेलेलं असतं.

संदेश-आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे, हेही आहेच. पीकेआरने प्रथिननिर्मिती बंद पाडली असेल तर भरपूर संदेश असूनही प्रथिन कमी असू शकतं.

१६. ईपीसी पेशींत ल्युसिफरेज रिपोर्टर (इंटरफेरॉनचा प्रमोटर चालू झाला की प्रकाश देणारं एन्झाइम) लावला आहे. पॉली आय-सी घातला तरी आकडा हलत नाही, किंवा नियंत्रण गटातच चढलेला दिसतो. का?

आधी पेशींबद्दल. ईपीसी ही कार्पच्या कातडीची म्हणून दशकानुदशकं वापरली गेली. २०१० मध्ये ती फॅटहेड मिनो या माशाची असल्याचं दाखवून दिलं गेलं. कार्पकुळातलीच, पण कार्प नव्हे. तुमचे प्रायमर आणि सायरनए (जनुक दाबणारे छोटे आरएनए) कार्पच्या क्रमावर बेतलेले असतील तर इथेच घोळ आहे.

पॉली आय-सी नुसता माध्यमात घातला तर तो टोल सेन्सरकडे जातो. ट्रान्सफेक्शन करून पेशीद्रवात पोचवला तर रिग-आय आणि एमडीए५ कडे. ईपीसीमध्ये दुसरी वाट खूप जोरदार आहे. आकडा हलत नसेल तर बहुधा ट्रान्सफेक्शन राहिलं आहे. २४ खाचांच्या थाळीत रूढ प्रमाण असं: प्रत्येक खाचेत रिपोर्टर २५० नॅनोग्रॅम, रेनिला (तुलनेसाठीचं दुसरं ल्युसिफरेज) २५ नॅनोग्रॅम; साधारण २४ तासांनी पॉली आय-सी, १ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या आसपास; आणखी २४ तासांनी मोजणी.

नियंत्रण गट चढलेला असेल तर प्लाझ्मिडकडे (जनुक पेशीत नेणाऱ्या गोल डीएनएकडे) पाहा. पेशीद्रवातला डीएनए स्टिंग या प्रथिनाच्या वाटेने हाच मार्ग चालू करतो. एकूण डीएनए प्रत्येक खाचेत सारखा ठेवा (जनुक नसलेल्या रिकाम्या प्लाझ्मिडने भरून) आणि एंडोटॉक्सिनविरहित (जिवाणूंच्या विषापासून मुक्त) तयारी वापरा.

तिसरा सापळा सर्वांत फसवा. मॅव्हस जास्त बनवलं की प्रथिननिर्मिती दबते आणि रेनिलाचा आकडा पडतो. भागाकारात छेद लहान झाला की गुणोत्तर फुगतं. म्हणून गुणोत्तरासोबत दोन्ही कच्चे आकडे बघायचेच. रेनिला निम्म्याखाली गेला असेल तर तो निकाल धरू नका.

१७. एका विषाणूची लस दिल्यावर पहिल्या आठवड्यात दुसऱ्या विषाणूपासूनही संरक्षण मिळालं. लस इतकी व्यापक आहे का?

नाही, तो इंटरफेरॉनचा काळ आहे. ट्राउटमध्ये व्हीएचएस आणि आयएचएन यांच्या डीएनए लसींवर हे नीट तपासलं आहे. लसीनंतर चार ते सात दिवसांत एकीची लस दुसऱ्या विषाणूलाही अडवते. दोन महिन्यांनी फक्त स्वतःच्या विषाणूला. लसीची चाचणी पहिल्या दोन आठवड्यांत घेतली तर उपजत आणि अर्जित यांची सरमिसळ होते. चाचणी उशिरा घ्या आणि एक गट असंबंधित विषाणूचा ठेवा.

सामनमध्ये एक रोचक अपवाद दिसतो. स्नायूत इंटरफेरॉनचं जनुक असलेला प्लाझ्मिड टोचला तर प्रकार ‘अ’ चा परिणाम टोचलेल्या जागेपुरता राहतो, ‘ब’ आणि ‘क’ यांचा मात्र यकृत-हृदयापर्यंत पसरतो आणि आयएसए या सामनच्या विषाणूपासून कित्येक आठवडे संरक्षण मिळतं. म्हणजे ‘काही दिवसांत ओसरतं’ हा नियमही इंटरफेरॉनच्या प्रकारावर अवलंबून आहे.

१८. मॉर्फोलिनोने (जनुकाच्या संदेशाला चिकटणाऱ्या कृत्रिम रेणूने) जनुक दाबलं तेव्हा इंटरफेरॉन वाढलं. तेच जनुक क्रिस्परने कापून कायमचं बिघडवलेल्या माशात (म्युटंटमध्ये) काहीच फरक नाही. कुणावर विश्वास ठेवायचा?

झेब्राफिशच्या पिल्लांत मॉर्फोलिनो स्वतःच इंटरफेरॉनची जनुकं आणि ताणाचे मार्ग चालू करू शकतो, हे २०१९ पासून प्रसिद्ध आहे. इतर विषयांत ही किरकोळ अडचण. आपल्या विषयात तीच मोजायची गोष्ट आहे. त्यामुळे विषाणूविरोधी जनुकांसाठी एकट्या मॉर्फोलिनोचा निकाल धरू नये.

म्युटंटही निर्दोष नसतो. बिघडलेल्या जनुकाचा संदेश नष्ट होताना सारखी दिसणारी इतर जनुकं वाढून उणीव भरून काढू शकतात, आणि माशांत जुळी जनुकं मुबलक आहेत. झेब्राफिशमध्ये स्टॅट१ सुद्धा दोन आहेत. जुळ्याची पातळी मोजा, शक्य तर दोन्ही बिघडवा, आणि मूळ जनुकाचा आरएनए टोचून गुण परत येतो का ते पाहा.

१९. हे सगळं कोळंबीलाही लागू होतं का? पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी इंटरफेरॉन चालेल?

लागू होत नाही. कोळंबी मासा नाही. तिच्याकडे पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचं इंटरफेरॉन नाही, अँटीबॉडीही नाहीत. तिचा मुख्य विषाणूविरोधी मार्ग आरएनए हस्तक्षेपाचा: दुपदरी आरएनए दिसला की त्याचे तुकडे करून त्याच क्रमाचा विषाणू-आरएनए कापणं. व्हॅनामेई कोळंबीत आयआरएफसारखं एक प्रथिन आणि त्याने चालू होणारं व्हॅगो नावाचं स्रवणारं प्रथिन सापडलं आहे. व्हॅगोचं काम इंटरफेरॉनची आठवण करून देतं, पण रचनेने त्यांचं नातं नाही. म्हणून माशासाठीचं ‘इंटरफेरॉन वाढवणारं’ कुठलंही उत्पादन कोळंबीच्या तळ्यासाठी विकलं जात असेल तर घेऊ नका. पांढऱ्या ठिपक्यांवर उपाय अजूनही पीसीआरने तपासलेलं, रोगमुक्त जनकांपासूनचं बीज, गाळलेलं व निर्जंतुक केलेलं पाणी आणि खेकड्यांना अडवणारं कुंपण हाच आहे.